डाव्या गादीतला ड्रॅगन

मित्रांनो, माझ्या डाव्या गादीला चिकटपट्टी लावलेली आहे आणि डोक्यावरच्या पट्टीचा रंग कधीच उडाला आहे. तरी मला हसू नका. मी एक जुना हेडफोन आहे, आणि एका बाप-लेकीच्या मध्ये बसून मी एक अख्खी गाथा ऐकवली आहे.

कारखान्यात एका बाईंनी माझे दोन्ही आवाज तपासले, "चांगला आहे," म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं. एवढ्या शाबासकीवर मी दुकानात वर्ष काढलं. मग छापखान्यात यंत्र चालवणाऱ्या बाबांनी मला लेकीच्या नवव्या वाढदिवसाला घरी आणलं.

तेव्हापासून त्या गाथेची ऑडिओबुकं सुरू झाली. डोंगरावर पहारा देणारी एक मुलगी आणि तिचा ड्रॅगन. घरात हेडफोन एकच! मग खिडकीपाशी दोन खुर्च्या चिकटवायच्या, माझ्या गाद्या बाहेर वळवायच्या, उजवी लेकीच्या कानाला आणि डावी बाबांच्या. ताणून ताणून माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण ड्रॅगन उडाला की दोघं एकदम श्वास रोखायचे, आणि मी सगळं विसरायचो. बाबांच्या बोटांवरच्या शाईचा वास माझ्या गादीला अजून येतो. ते दिवस आठवले की गलबलून येतं.

चार पुस्तकं अशी झाली. मग बाबांची बदली दूरच्या छापखान्यात झाली. "शेवटचं पुस्तक मात्र दोघांनी मिळून ऐकायचं हं," असं जाताना त्यांनी कबूल केलं. लेक पंधरा वर्षांची झाली, शाळेच्या मासिकात परीक्षणं लिहू लागली. शेवटचं ऑडिओबुक आलं, पण बाबा आले नाहीत. एक रविवार टळला, मग दुसरा.

"राहू दे, बाबा. तुझं नेहमीचंच आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि एकटीनेच ऐकायला घेतलं.

पण सवय किती चिवट असते बघा! एकटी असूनही तिने माझ्या गाद्या बाहेर वळवल्या. उजवी कानाला, डावी रिकाम्या खुर्चीकडे. पुस्तकभर ड्रॅगन गुहेत झोपलेला होता आणि बाकीचे आवाज दोन्ही गाद्यांतून येत होते, त्यामुळे काही बिघडलं नाही. शेवटच्या प्रकरणात मात्र आवाज दोन बाजूंना वाटलेले होते. खूप वर्षांनी परतलेल्या मुलीने उजव्या गादीतून विचारलं, "मला ओळखलंस का?" डाव्या गादीतून ड्रॅगनने उत्तर दिलं, मित्रांनो, पण ते खुर्चीला! मी थरथरलो, तरी तिला काही कळेना.

तिने रागारागाने लिहिलं, "इतकी वाट पाहायला लावून ड्रॅगन शेवटी गप्पच बसतो. ही गाथा कोणी ऐकू नये." परीक्षण सोमवारी मासिकात जाणार होतं. मला तिने खणात कोंबलं, तिथे माझी गादी फाटली.

रविवारी बाबा आले. तिने परीक्षणाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"माझ्याशिवाय ऐकलंस होय?"

"मग काय करणार? तू आलास का?"

बाबांनी कागद खाली ठेवला. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "निदान शेवट तरी ऐकव."

त्यांनी मला खणातून काढलं, फाटलेल्या गादीला चिकटपट्टी लावली आणि दोन्ही खुर्च्या जवळ ओढल्या. लेक उजवी गादी कानाला लावून फुगूनच बसली होती. गाथेतल्या मुलीचा प्रश्न आला, आणि बाबा ताडकन सरळ झाले.

"अगं, बोलतोय की तो!"

"कुठे? मला तर काहीच ऐकू येत नाही."

"थांब, मी सांगतो." आणि बाबा घसा खाकरून ड्रॅगनच्या आवाजात म्हणाले, "पावलं मोठी झाली तुझी, पण वाजतात तशीच."

लेक त्यांच्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले.

"परत म्हण ना, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी तीनदा म्हटलं. मग तिने तो कागद फाडला आणि नवं परीक्षण लिहायला बसली.

मित्रांनो, आमच्या गाद्या जपा, आम्हाला खणात कोंबू नका, एवढं तर मी मागणारच. पण आणखी एक मागणं आहे. कुणी गप्प आहे असं वाटलं, तर कागदावर तसं लिहिण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूलाही कान लावून बघा. तिकडे तो कधीचा बोलत असेल.