पाचवा हिस्सा

१९८७ साली ईस्टर एप्रिलच्या मध्याला आलं होतं आणि आमच्या आकुरेरी गावात अजून घराघरांच्या उत्तरेकडच्या भिंतीला कमरेइतकं बर्फ लागून होतं. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. बंदराच्या मागे आमचं छोटं वर्कशॉप होतं. वडील तिथे घड्याळं आणि बोटींवरची मोजयंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्यामागे मी गाड्यांची वेग नि अंतर दाखवणारी मीटरं करायला लागले.

त्या काळात उत्तरेकडच्या सगळ्या पुरुषांना एकच वेड लागलं होतं. जीपखाली छातीएवढे टायर बसवायचे आणि हिमनदीवर चढायचं. टायर मोठा झाला की तेवढ्याच अंतरात चाक कमी वेळा फिरतं, आणि मीटर बिचारं फेरे मोजतं. त्यामुळे वेगही कमी दाखवतं आणि अंतरही. उपाय सोपा: मीटरच्या केबलच्या बुडाशी अंगठ्याएवढं प्लास्टिकचं दातेरी चाक असतं, ते बदलून हिशेबाने कमी दात्यांचं घालायचं. मग गाडी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या खांबांशी ताडून बघायची. बर्फावर पांढरं अंधारून आलं, आभाळ नि जमीन एक झाली, की माणसाला दोनच डोळे उरायचे, होकायंत्र आणि मीटर. गावच्या बचाव पथकाची एकूण एक गाडी माझ्या हातून गेली होती.

माझ्या नवऱ्याची तेवढी राहिली होती.

"उद्या आण गाडी," मी म्हणायचे.

"कशाला? मीटर दाखवेल त्यात पाचवा हिस्सा मिळवायचा. वीस म्हणजे चोवीस, पन्नास म्हणजे साठ," केतिल म्हणायचा. "एवढं गणित येतं मला. शाळेत तुझ्या वहीत बघून पास झालो असलो तरी."

"वहीत बघूनसुद्धा काठावर पास झालास."

"अगं, तुझं अक्षरच तसलं!"

असा हिवाळा गेला. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी माझ्या बहिणीच्या मुलीचा, आल्दाचा, चर्चमधला दीक्षेचा दिवस होता. चौदाव्या वर्षी मुलं तिथे पांढरा झगा घालून उभी राहतात आणि सगळं गणगोत जेवायला जमतं. केतिलने तिला येतो म्हणून शब्द दिला होता. मग सोमवारी त्याचा मित्र ब्रांदुर आला आणि दोघांनी टेबलावर हिमनदीचा नकाशा पसरला. गुरुवारी पहाटेच निघायचं ठरलं.

"आल्दाला काय सांगू?" मी विचारलं.

"त्या दिवशी तिला केक दिसणार नि भेटी दिसणार. मी नाही दिसणार."

"मला दिसशील ना. रिकामी खुर्ची दिसेल."

"मग माझ्या वाटचा केक तू खा, ऑडनी. बारीक झालीयस."

ब्रांदुर हसला. मी हसले नाही. त्यानंतर केतिल आणि मी बोललो नाही.

बुधवारी संध्याकाळी केतिल ब्रांदुरकडे सामान बांधायला गेला होता. गाडी वर्कशॉपच्या दारात उभी होती. मी खाली सतरंजी टाकून आडवी झाले आणि मीटरचं ते दातेरी चाक बदललं. अर्ध्या तासाचं काम. राग होताच, पण तो हिमनदीवर चुकीचं मीटर घेऊन जाणार हे मला सोसत नव्हतं. त्याला सांगितलं मात्र नाही. म्हटलं, त्याचं त्यालाच कळू दे. कळलं की स्वतः येऊन बोलेल. आधी माझ्या तोंडून शब्द जाणार नाही.

गुरुवारी पहाटे तो निघाला तेव्हा मी जागी होते. डोळे मिटून पडून राहिले.

पक्का रस्ता तासाभरात संपतो. पुढे बर्फात गाडी माणसाच्या चालीने चालते. तिथे वेगाचा काटा कोण बघतो? त्याला कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी पथकाच्या वायरलेसवर केतिलचा निरोप आला. हिमनदीच्या कडेला मुक्कामाची झोपडी आहे, तिथून सरळ दक्षिणेला जाताना जीपचं नाक बर्फाच्या भेगेत गेलं होतं. केतिलच्या छातीला स्टिअरिंगचा मार बसला होता, इंजिन बंद पडलं होतं. झोपडीपासून अंतर चोवीस किलोमीटर. मग आवाज गेला तो गेलाच.

पथकाच्या तीन गाड्या संध्याकाळच्या आत झोपडीहून निघाल्या. वाऱ्याने चाकांच्या खुणा कधीच बुजवल्या होत्या. चोवीसवर पोचून त्यांनी शोधायला सुरुवात केली, आणि शनिवारी सकाळपर्यंत काहीच मिळालं नव्हतं. मी गावात पथकाच्या खोलीत बसून होते. पथकाचा प्रमुख ह्याल्ती वायरलेसवर आला.

"गेर्दुर, ऑडनी आहे का तिथे?"

वायरलेस सांभाळणाऱ्या गेर्दुरने माईक माझ्याकडे सरकवला.

"ऑडनी, या मोठ्या टायरवाल्यांच्या आकड्यांचा मला भरवसा नाही. एक गाडी पुढे पाठवतो आणि दोन मागे घेतो. अठरापासून पुन्हा बघत येतो."

"नको," मी म्हणाले. "त्याचं मीटर बरोबर आहे. मी स्वतः केलंय, बुधवारी. चोवीस म्हणजे चोवीस. वेळ घालवू नकोस, ह्याल्ती, तिथेच बघ."

"तू केलंयस?"

"माझ्या हातांनी."

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि तिन्ही गाड्या त्याने चोवीसवर ठेवल्या.

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. निदान एवढं तरी मी नीट केलं होतं.

दुपारी दोनच्या सुमारास गेर्दुरने कॉफी आणली. नुसतं बसवत नव्हतं म्हणून मी विचारलं, "त्याचा आवाज कसा होता गं?"

"दम लागला होता. पण चेष्टा चाललीच होती. आधी वीस म्हणाला, मग म्हणतो, थांब, बायको ओरडेल, मिळवून सांगतो, चोवीस. मी आपलं चोवीस लिहिलं."

माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला आणि माईक ओढला.

"ह्याल्ती, वीसवर जा. मी मीटर दुरुस्त केलं होतं आणि त्याला सांगितलं नव्हतं. त्याने वर पाचवा हिस्सा मिळवलाय. वीसवर जा."

तिकडून ह्याल्ती म्हणाला, "निघालो."

पाऊण तासात सापडले. ब्रांदुर जिवंत होता. केतिल सकाळी अकराच्या आसपास गेला होता. ह्याल्तीने मागे वळतो म्हणून विचारलं होतं, ते नऊ वाजता.

ब्रांदुर पंधरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आला, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांचा आवाज आला होता आम्हाला. शंभर-दीडशे पावलांवरून गेल्या असतील. मी ओरडत सुटलो, हॉर्न दाबला, पण बॅटरी मेली होती. केतिल म्हणाला, ओरडू नकोस, दम जपून ठेव. पुढे गेलेत, चूक कळली की येतील. त्यांच्या गाड्यांना ऑडनीने लावलेली मीटरं आहेत, ती नाही चुकायची."

"तुमच्या मीटरवर वीस होतं?" मी विचारलं.

"वीस," तो म्हणाला. "बोल लाव म्हणशील तर नाही लावत मी. तसं कुणीच लावणार नाही तुला."

आणि खरंच कुणी लावला नाही. गावात एका शब्दाने कुणी बोललं नाही. एखाद्याने तरी बोलायला हवं होतं.

ब्रांदुर पुन्हा बर्फावर गेला नाही. मासेमारीच्या बोटीवर लागला आणि २००९ साली बिछान्यात, झोपेत गेला. ह्याल्ती आणखी बारा वर्षं पथकात होता. त्याच्या गाड्या शेवटपर्यंत माझ्याकडेच यायच्या, आणि दर वेळी तो आपला हिशेब आपण करून मगच चावी घ्यायचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही. गेर्दुर मुलीकडे नॉर्वेला राहायला गेली. नाताळला तिचं कार्ड येतं. त्यात ती केतिलचं नाव घालत नाही. जीप पुढच्या उन्हाळ्यात बाहेर काढली आणि पूर्वेकडच्या एका मेंढपाळाने नेली. आल्दाने पन्नाशी ओलांडली आहे. तिच्या मुलांच्या दीक्षेला मी गेले, दोन्ही वेळा मागच्या रांगेत बसले. कॉम्प्युटरवर मीटरं दुरुस्त होऊ लागली तसं मी वर्कशॉप बंद केलं. आता मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, डॉक्टर म्हणतात अजून बरीच वर्षं जगेन.