मनात म्हणजे नक्की कुठे?

मला वेड लावलं ते आईच्या पत्रानं. पत्राचा काही दोष नाही म्हणा, दोष सगळा माझ्या नवऱ्याचा.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आम्ही आखातात, दार्सैतला राहायचो. तिकडे वसईला माझ्या आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, शनिवारी सकाळी. मी जाणार कशी? माझा पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकलेला, आणि माझा अर्बाब, म्हणजे तिथला मालक, रोज ‘इन्शाल्ला, इन्शाल्ला’ करत चहा पीत बसलेला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “नको येऊस. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जा आणि माझ्यासाठी प्रार्थना म्हण. तेवढं पुरे.”

मंगळवारी तिचं पत्र आलं. सेबॅस्टियन वाचता वाचता खुदखुदायला लागला.

“काय झालं?”

“अगं, अगदी तिचाच आवाज येतो. ‘सेबी, वेळेवर जेवत जा’ असं लिहिलंय, तर कानाशी येऊन बोलल्यासारखं वाटतं.”

“आवाज येतो? कुठून?”

“कुठून म्हणजे? वाचताना आतून येतो ना, तसा. तुला नाही येत?”

“नाही.”

“जुलियाना, चेष्टा पुरे.”

मी पत्र ओढून घेतलं आणि वाचलं. जेवणाचं कळलं, ऑपरेशनचं कळलं, तिला भीती वाटते आणि ती लपवतेय हेसुद्धा कळलं. पण आवाज? छे! कागदाला कधी आवाज असतो का?

मी तरातरा वरच्या मजल्यावर नूतनकडे गेले. नूतन पुण्याची, माझी मैत्रीण, सरळ बोलणारी.

“तू पेपर वाचतेस तेव्हा आत कुणी बोलतं का गं?”

“मीच बोलते की.”

“मोठ्यानं?”

“नाही गं, मनात.”

“मनात म्हणजे नक्की कुठे?”

तिनं पोह्याचा चमचा खाली ठेवला. “मग तू विचार कशात करतेस? मराठीत की इंग्रजीत?”

“कशातच नाही. विचार येतो आणि कळतो. तांदूळ संपले तर संपले, त्यासाठी आत भाषण कशाला हवं?”

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. घरी आल्यावर नऊ वर्षांच्या अ‍ॅश्लीला विचारलं, तर ती म्हणाली, “मम्मी, सगळ्यांना येतो. यू आर सो फनी.”

म्हणजे ‘मी मनात म्हटलं’ असं लोक म्हणतात, ते खरंच म्हणतात! मला आपली ती बोलायची पद्धत वाटायची. कुणी सांगायचं नाही का मला?

आणि मग मला चर्च आठवलं. मिस्सात एक वेळ येते, फादर म्हणतात, “आपापले हेतू मनातल्या मनात देवापुढे ठेवा.” सगळे माना खाली घालतात, अर्धं मिनिट शांतता. मला वाटायचं, आदर म्हणून नुसतं उभं राहायचं असतं. मीही राहायचे. बाबा आजारी होते तेव्हाही तशीच उभी होते. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर होता, जीव तुटत होता, पण शब्द एकही नाही. आणि बाबा गेले. बाकीचे देवाशी बोलत होते आणि मी बावळटासारखी पंख्याची घरघर ऐकत होते. मी बाबांसाठी काही मागितलंच नव्हतं की काय? आता आईसाठी काय करू?

गुरुवारी फोनचं कार्ड घेतलं आणि बूथवर जाऊन आईला सगळं सांगितलं. सांगता सांगता रडायलाच लागले.

“माझ्या मनात आवाजच नाही गं आई!”

“मग?” आई म्हणाली. “माझ्या तरी कुठे आहे?”

“काय?”

“म्हणून तर मी तोंडानं म्हणते. मला वाटायचं, बाकीच्यांना बोलायचा कंटाळा येतो.”

हे मात्र खरं होतं. वसईच्या चर्चमध्ये सगळे चिडीचूप असताना एकट्या आईचं बोलणं चालायचं. कोण आजारी, कुणाचं लग्न जमत नाही, सगळं देवाला साग्रसंगीत. लोक वळून बघायचे. मला इतकी लाज वाटायची की मी तिच्या दंडाला चिमटा काढायचे. “आई, हळू!”

आणखी विचारणार, तर कार्ड खलास. ती खरं बोलली, की ऑपरेशनच्या तोंडावर माझीच समजूत काढली? काही कळेना. आजही मला ते ठरवता येत नाही.

शुक्रवारी, आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, रुवीच्या चर्चमध्ये ती वेळ आली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मीही घातली. आई दिसली, जीव तुटला, आणि आत नेहमीसारखं शांत. एसी तेवढा घरघरत होता.

मी तोंड उघडलं.

“देवा, उद्या माझ्या आईचं ऑपरेशन आहे.” मराठीत, चांगलं खणखणीत. पुढच्या बाकावरच्या दोघीजणी वळल्या. सेबॅस्टियन उगाच खोकला. “तिला सांभाळ. मला तिच्याशी अजून खूप बोलायचंय. आणि बाबांच्या वेळचं...”

अ‍ॅश्लीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. “मम्मी, हळू!”

काय झोंबला म्हणून सांगू! एवढा दुखतो, आणि आई कधी एका शब्दानं बोलली नव्हती.

“बाबांच्या वेळचं राहिलंय माझं,” मी म्हटलं, “तेही ऐक.” आणि दंड चोळत पुढे म्हणत राहिले.