निळ्या विटा

आमच्या घरात प्लॅस्टिकच्या विटांना हात लावायचा तर आधी बाबांना विचारायचं, हा नियम मी चाळिशीला आले तरी चालूच आहे. बाबांनी हवामानाच्या अभ्यासात जन्म घालवला, आणि निवृत्त झाल्यावर लहान मुलांच्या विटा घेऊन जेवणाचं टेबल अडवून बसले. आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवायचो. आई म्हणायची, "म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात, यांचं पहिलंच संपलेलं नाही."

पण तो खेळ नव्हता. निळी पारदर्शक वीट म्हणजे पाणी, एक थर म्हणजे एक फूट. नदीकाठच्या सखल मैदानावर नगरपालिका शाळा बांधणार होती. येत्या काही वर्षांत पुराचं पाणी तिथं कुठवर चढेल, ते बाबांनी विटांची शाळा रचून त्या मॉडेलवर दाखवलं होतं. आकडे कुणी वाचत नाही, विटा आंधळ्यालाही कळतात, असं त्यांचं म्हणणं.

नगरपालिकेत हरकतींवर सुनावणी होती, तिथं ते मॉडेल दादा आधीच घेऊन गेला. दादा आर्किटेक्ट, आणि शाळेचा आराखडा त्याच्याच ऑफिसचा. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली नाही. सख्खा भाऊ ना!

बाबा नि मी सभागृहात शिरलो तर मॉडेल समोरच मांडलेलं, आणि त्यात एकही निळी वीट नाही. कोरडं ठणठणीत मैदान, त्यावर लालचुटूक शाळा. अध्यक्ष म्हणाले, "खुद्द हवामानतज्ज्ञांनीच शाळा बांधून दाखवलीय. आता हरकत कसली?" लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"निळ्या विटा कुठायत रे?" मी दादाला गाठून विचारलं.

"अगं, पाण्यात उभी इमारत बरी दिसत नव्हती," तो कुजबुजला. "हे काम गेलं तर ऑफिसला टाळं लागेल. गप्प बस ना!"

मी बाबांकडे वळले. त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि ते खाली मान घालून बसले होते.

"बाबा, बोला ना!"

"पोटच्या पोराच्या पोटावर पाय देऊ?"

आणि तळमजल्यावर बसणारी पोरं? ती कुणाच्याच पोटची नाहीत? दादाचा राग आला होताच, पण बाबांचा त्याहून जास्त आला. मी उठले. बाबांनी माझी बाही ओढली, मी झटकली. हा माणूस लबाडी एक वेळ गिळेल, चुकीचा आकडा त्याच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून मी मुद्दाम एक थर कमी सांगितला.

"या मॉडेलमध्ये पाण्याचे तीन थर होते. माझ्या भावानं ते काढले."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. अध्यक्षांनी बाबांना विचारलं, "खरं का हो हे?"

बाबा दादाकडे बघत राहिले. मग खुर्चीला धरून उठले.

"तीन नाही, चार," ते म्हणाले. "चौथा थर पहिलीतल्या पोरांच्या डोक्यावरून जातो."