गुलाबी हाताची सायकल

हात आला त्या दिवशी आईने टेबलावरचं सगळं सामान बाजूला सारलं आणि खोका मधोमध ठेवून उघडला. गुलाबी रबराचा पंजा, त्याला नखं, मनगटावर निळसर शिरासुद्धा रंगवलेल्या. मागे कोपरापर्यंत येणारी कडक प्लास्टिकची नळी, त्यात उरलेला हात घालायचा. वर्षापूर्वी छापखान्यात कागद कापायच्या यंत्राने ताईचा डावा पंजा नेला होता. आता काका, मावशा, आत्या सगळ्यांनी मिळून हा मागवला होता.

"किती हुबेहूब आहे गं," आई म्हणाली. "बोटं हलत नाहीत, पण चारचौघांत बरं दिसतं."

"चारचौघांना एवढा आवडत असेल तर त्यांनीच घालावा," ताई म्हणाली.

तरी तिने तो घातला. आईचं मन राखायला काही आठवडे घातला. आत घामाने चिकचिक व्हायची, चहाचे कप धक्क्याने आडवे व्हायचे. छापखान्यात ती आता यंत्रावर नव्हती, प्रुफं तपासायची; तिथे तो टेबलावर पडून असायचा आणि प्रुफं उडू नयेत म्हणून बरा उपयोगी पडायचा. तेवढाच काय तो त्याचा उपयोग.

तिला खरं हवं होतं ते सायकल चालवणं. अपघातापूर्वी दर रविवारी ती क्लबबरोबर डोंगराच्या रस्त्याला जायची. परत आली की दोन माणसांचं जेवायची आणि आठवडाभर खुशीत असायची. अपघातानंतर तिची सायकल आईने कुणालातरी देऊन टाकली होती, तेही ती हॉस्पिटलमध्ये असताना.

घराच्या मागच्या शेडमध्ये तिच्या धाकट्या भावाचं वर्कशॉप होतं. गिऱ्हाइकाची मापं घ्यायची, पोलादी नळ्या कापायच्या, जोडायच्या आणि त्या माणसाच्या अंगाला बसेल अशी सायकल उभी करायची, हा त्याचा धंदा. एका सकाळी ताई तिथे जाऊन उभी राहिली.

"मला सायकल बनवून दे."

भावाने कानस थांबवली नाही. "तीन चाकी बनवतो. मागे छान टोपली लावू."

"टोपलीत काय ठेवू? तुझी अक्कल?"

"ताई, थट्टा नको. एक ब्रेक डाव्या हाताला, पुढचे गिअर डाव्या हाताला. तू कशाने दाबणार?"

"गिअर नकोतच. फिक्स्ड गिअरची बनव."

आता कानस थांबली. फिक्स्ड गिअरच्या सायकलीचं मागचं चाक आणि पॅडल एकमेकांना घट्ट बांधलेली असतात. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, उतारावर पाय नुसते ठेवून बसायची सोय नाही. पण त्याचा फायदा असा की पायांनी उलटा जोर दिला की सायकल मंदावते. हातासाठी पुढच्या चाकाचा एक ब्रेक तेवढा उरतो, आणि तो उजव्या बाजूला घेता येतो. ताईने हे सगळं आधीच विचार करून ठेवलं होतं, हे भावाला कळलं. म्हणूनच तो चिडला.

"मी नाही बनवणार," तो म्हणाला. "उद्या तू पडलीस तर ती माझ्या हातची सायकल असेल. मला नाही झेपणार ते."

"बरं. मग मी बनवते. तू फक्त हत्यारं वापरू दे."

"एका हाताने?"

"टेबलाला बसवलेला शिकंजा आहे की तुझा. तो धरेल."

भिंतीवर एक निळी फ्रेम टांगलेली होती. तिचं गिऱ्हाईक गाव सोडून गेलं होतं. मागच्या चाकाच्या खाचा आडव्या होत्या, म्हणजे चाक मागे सरकवून चेन ताणता येणार होती. फिक्स्ड गिअरला अशीच फ्रेम लागते. ताईने ती खाली काढली आणि कामाला लागली.

संध्याकाळी छापखान्यातून आली की ती शेडमध्ये. चाक गुडघ्यांत धरायचं, नट दातांत, पाना उजव्या हातात. चेनची पिन बसवताना दर वेळी चेन सापासारखी निसटून जमिनीवर पडायची आणि ताई तिला अशा शिव्या द्यायची की आई खिडकी लावून घ्यायची. भाऊ तिच्याकडे पाठ करून आपलं काम करायचा. पण पाठीलाही कान असतातच.

"निदान नट दातांत धरू नकोस," तो एकदा न वळता म्हणाला. "गिळशील."

"गिळला तर तुझ्याकडे दुसरा आहे."

सायकल उभी राहिली, पण हँडलचा प्रश्न सुटेना. उजव्या हाताने ब्रेक दाबला की सगळं वजन उजवीकडे जायचं. डाव्या बाजूला काहीतरी आधार हवा होता. ताईने पाइपाचा तुकडा लावून पाहिला, हात घसरला. कातड्याचा पट्टा लावून पाहिला, तो पिळवटला. मग एका दुपारी ती घरात गेली, गुलाबी हात घेऊन आली, शिकंज्यात आवळला आणि करवत लावली.

आवाज ऐकून आई धावत आली. शिकंज्यातून एक गुलाबी पंजा बाहेर आलेला आणि मुलगी त्याचं मनगट कापतेय, हे पाहून तिच्या तोंडून किंकाळीच फुटली.

"अगं, काय करतेस! सगळ्यांनी मिळून दिलाय तो!"

"त्यांना सांग, फार कामाला आला."

पंजा टपकन खाली पडला. आईने तो उचलला आणि पदराने पुसला, जणू त्याला लागलं असावं. मग तिला रडू फुटलं.

"तुला लाज कशी वाटत नाही?"

ताईने करवत ठेवली. "कशाची वाटायला हवी, आई? हाताची? तो गेला तेव्हा मी काम करत होते. मला लाज नाही वाटत. तुला वाटते, आणि तुझी लाज झाकायला मी हे रोज अंगावर बाळगू? नाही बाळगणार."

आई पंजा घेऊन आत गेली. त्या दोघी पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलल्या.

उरलेली नळी ताईने हँडलला बोल्टने जोडली. भाऊ आला, त्याने ती हलवून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"हे काय केलंयस? पडलीस तर हात आत अडकेल आणि खांदा निखळेल. वरून उघडी पाहिजे. हो बाजूला."

त्याने नळीचा वरचा भाग कापला, कडा घासल्या, आतून हँडलची मऊ टेप गुंडाळली. नळी दोन बोटं आत वळवली, म्हणजे कोपर बाहेर फाकणार नाही. मग चेनकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि चाक जरा मागे ओढलं. आपण हे करणार नाही असं म्हटलं होतं, हे त्यालाही आठवलं नाही आणि ताईनेही आठवण करून दिली नाही.

पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकाला ती पडली. जुन्या सवयीने तिने पाय थांबवले; पॅडल थांबलं नाही, त्याने तिला उचलून रस्त्यावर टाकलं. हात मात्र अलगद सुटला. आई दारातच होती.

"झालं समाधान?" आई म्हणाली.

"झालं. आता कळलं कसं चालवायचं नाही ते." आणि ती पुन्हा बसली.

पावसाळा सरेपर्यंत तिचे पाय शिकले. मग क्लबची वर्षाची मोठी राइड जाहीर झाली: घाट चढायचा, पलीकडे उतरायचा. क्लबचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, साधा आणि प्रेमळ माणूस होता. ताई हॉस्पिटलमध्ये असताना तो रोज न चुकता भेटायला यायचा. ताई नाव नोंदवून नंबर घ्यायला गेली, तेव्हा त्याने सायकल पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"नियम आहे गं. दोन ब्रेक आणि दोन्ही हात हँडलवर."

"मागचा ब्रेक माझे पाय. आणि दोन्ही हात हँडलवरच आहेत, बघा ना."

"तू काहीही म्हण, मी जबाबदारी घेऊ शकत नाही. असं कर, मागून पाण्याच्या बाटल्यांची गाडी येते, तिच्यात बस. शेवटी तुलाही पदक देऊ. सगळे टाळ्या वाजवतील."

"गाडीत बसल्याबद्दल?"

कप्तान नंबरांचे कागद नीट लावू लागला.

"रस्ता क्लबचा आहे का?" ताईने विचारलं.

"रस्ता कसा क्लबचा असेल?"

"मग झालं तर."

राइडच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधीच निघाली. नंबर नाही, जर्सी नाही. चढावर क्लबचे लोक एकेक करून तिला मागे टाकत गेले. कुणी ओळखून हाक मारली, कुणी खाली मान घालून निघून गेलं. गिअर नसल्यामुळे चढ उभ्यानेच मारावा लागत होता. डावा कोपर नळीत रुतत होता. तिला थांबावंसं वाटत होतं आणि थांबायचं नव्हतं, बस इतकंच.

उतारावर खरी गडबड झाली. सायकलने वेग घेतला, पॅडल पंख्यासारखी फिरायला लागली. एका वळणाआधी तिचा डावा पाय पॅडलवर बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यातून सुटला. पॅडल फिरतच होतं, ते नडगीवर बसलं, पुन्हा बसलं. तिच्या तोंडातून आवाज निघाला. ब्रेक एकदम दाबला असता तर ती पुढच्या चाकावरून उडाली असती. तिने दोन बोटांनी हळूहळू दाबला, उजव्या पायाने जोर लावला आणि कठड्याशी येऊन थांबली. मोज्यात रक्त उतरत होतं.

मागून पाण्याची गाडी आली. कप्तान खाली उतरला, त्याचा रंग उडाला होता.

"बस गाडीत. हात जोडतो तुला."

ताई सायकलवरून उतरली. ती कठड्यावर बसून राहिली. तिने रुमाल काढला. एक टोक दातांत, एक हातात, नडगीवर गाठ मारली. तो पुढे झाला तशी म्हणाली, "नको. पट्टा सैल होता. ती चूक माझी, हाताची नाही."

पट्टा करकचून आवळून ती उठली. कप्तान गाडीत जाऊन बसला. गाडी तिच्या पुढे गेली नाही. शेवटपर्यंत मागे, अंतर ठेवून येत राहिली. ताईला ते आवडलं नाही, पण रस्ता त्याचाही होताच.

राइड संपायच्या जागी ती पोचली तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. उरलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कप्तानने खिशातून पदक काढलं. "ये, एक फोटो काढू. क्लबच्या पानावर टाकतो."

"मी क्लबबरोबर आले नाही," ताई म्हणाली. "पुढच्या वर्षी नंबर द्या, मग फोटो काढा. जितके हवेत तितके."

त्याने पदक परत खिशात ठेवलं. "नियम बदलायला मला बाकीच्यांशी भांडावं लागेल," तो म्हणाला.

"मग भांडा. मी एकटीने किती दिवस भांडू?"

घरी आईने नडगी पाहिली, गरम पाणी आणलं आणि जखम धुताना मुद्दाम जरा जोरातच पुसलं.

"पहिली आलीस का?" तिने विचारलं. काम आणि टोमणे सोडून हे पहिलंच बोलणं.

"शेवटची."

"शेवटची! मग एवढा जीव कशाला काढलास?"

ताईला हसू आलं, मग आईलाही आलं, पण तिने ते दिसू दिलं नाही. तेवढ्यात भाऊ जेवायला आला.

"पुढच्या वेळी गिअर हवेत," ताई त्याला म्हणाली. "सगळे उजव्या हाताला. चढावर जीव जातो."

"ब्रेक आणि गिअर सगळे एका हाताला? नाही जमायचं. केबली एकमेकींत अडकतील."

"बटणांचे गिअर असतात की."

"त्याला बॅटरी लागते, ती कुठे ठेवणार?"

"सीटच्या नळीत."

"नळी तेवढी जाड नाही."

"मग जाड नळीची फ्रेम बनव."

"आधी जेवा!" आई ओरडली. दोघांनीही ते ऐकलं नाही.