बिनचमकीची वडी

मी अभ्रकाची एक जुनी पूड आहे. जुनी म्हणजे किती, ते खडकालाच ठाऊक. मला फोडलं, दळलं, वर तांबूस मुलामा चढवला आणि एका छोट्या बरणीत भरलं. मित्रांनो, बाकीच्या वस्तू आपली गोष्ट एका जागी बसून सांगतात. मला ते जमत नाही. मी चिमटीचिमटीने वाटली गेले. म्हणून गोष्टही तुकड्यातुकड्यांनी, जिथे जिथे पडले तिथून.

पातेल्यातून

मी ज्या घरात आले, तिथली सून साबण करायची. तिच्या सासऱ्यांनी आयुष्यभर वेल्डिंग केलं होतं. आता काचबिंदूने त्यांची नजर खात आणली होती. चकाकेल तेवढंच दिसायचं.

"चमचा दिसतो, त्यातली भाजी नाही," बाबा म्हणायचे. "तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची सोय गेली बघ."

आंघोळ मात्र एकट्याने, आतून कडी लावून. साबण सापडेना की फरशीवर चाचपडत बसायचे. एकदा मुलगा म्हणाला, "उद्यापासून मी घालतो तुम्हाला आंघोळ."

"तुला मी घालायचो तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. मी अजून तेवढा लहान झालेलो नाही."

म्हणून सुनेने मला उघडलं. आधी तिने मला तेलाच्या दाट साबणात कालवलं. त्या पांढऱ्या लगद्याने माझी चमक गिळून टाकली, उरला नुसता विटकरी रंग. मग तिने मला वडीवर वरूनच भुरभुरवलं. एका आंघोळीत मी धुऊन गेले. शेवटी तिने पारदर्शक साबणाची लादी वितळवली, मला थोड्या स्पिरिटात कालवून गुठळ्या मोडल्या, आणि साबण जरा दाटू लागल्यावरच साच्यात ओतला. नाहीतर मी तळाशी जाऊन बसले असते.

साबणदाणीतून

खिडकीतून ऊन आलं की मी वडीच्या आत पेटायचे. बाबांचा हात सरळ माझ्याकडे यायचा. "सूनबाई, साबण केलास की ठिणगी?" बाहेर येऊन ते विचारायचे. एवढं कौतुक मला आधी कधी मिळालं नव्हतं.

मग हात सरळ येईनासा झाला. आधी भिंत, मग नळ, मग कट्ट्याची कड, मग मी. मला वाटलं, मीच झिजले. बाहेरचं कौतुक मात्र थांबलं नाही. उलट वाढलं.

बरणीच्या बुडातून

पूड संपत आली आणि दुकानात नवी मिळेना. सुनेने घरातली जुनी साधी पांढरी वडी साबणदाणीत ठेवली. सांगायचं राहून गेलं.

बाबा डोकं पुसत बाहेर आले. "आज तर साबण आरशासारखा लखलखत होता. जरा हात राखून घालत जा गं."

सून ओट्याशी उभी राहून बरणीचं बूड खरवडत होती. तिचा हात थांबला. त्या वडीत माझा एक कणही नव्हता.

"हो बाबा," ती म्हणाली. "या वेळी जरा जास्तच पडली."

ते खोलीत गेल्यावर नवरा म्हणाला, "बघ, दिसतंय ना त्यांना. तू उगाच काळजी करतेस."

तिने बरणीला झाकण लावलं.

"बाथरूमची आतली कडी काढून टाक," ती म्हणाली.

खिडकीच्या कोपऱ्यातून

माझ्या शेवटच्या वडीचा झिजलेला तुकडा तिथे पडून होता. पुढचं मी तिथून पाहिलं.

बाबा आत आले. दार लोटलं. कडी लावायला हात गेला, तर बोटांना स्क्रूची भोकं लागली. बोटं एकेका भोकावर फिरली. पुन्हा फिरली. दारापलीकडे दोघं उभी होती. त्यांचे श्वास मला ऐकू येत होते, म्हणजे बाबांनाही येत असणार. नळ उघडला नाही.

मित्रांनो, चमकणं एवढंच माझं काम. ती चमक कोणाला दिसतेय आणि कोणाला नाही, हे मला कधी कळलं नाही. ते माणसांनी एकमेकांचं पाहायचं असतं. तुमच्या घरात कोणी फार कौतुक करू लागलं, तर नुसते खूश होऊ नका. शेजारी जाऊन बसा.

बऱ्याच वेळाने बाबांनी दार आतूनच थोडं उघडलं.

"ये," ते मुलाला म्हणाले. "पाणी कोमट कर आधी."