ओळखीची चाल

त्या दिवशी बाबा आले ते कामावरच्या पांढऱ्या झग्याची उसवलेली बाही घेऊन. लेकीकडे शिवणयंत्र होतं, आणि स्वतःच्या मुलीच्या घरी यायलाही या माणसाला निमित्त लागायचं. तिने बाही शिवली, चहा टाकला. बाबा खुर्चीच्या टोकावर बसून पिल्लाबद्दल बोलत राहिले. नामशेष व्हायला आलेल्या करकोच्यांच्या पैदास केंद्रात त्यांचा जन्म गेला होता. जगात हे पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले, आणि यंदा बाकीची अंडी वाया जाऊन केंद्रात एकच पिल्लू जगलेलं. ते शेंडेफळ काल पाण्यात उतरलं, परवा त्याने स्वतःचा किडा स्वतः पकडला, असं सगळं साग्रसंगीत.

"शाळेत घालायचं असेल तर सांगा," ती म्हणाली. "त्याच्याबरोबर तरी जाल ना?"

चिमटा बाबांना बरोबर लागला. अंडी फुटण्याचा हंगाम आणि शाळा सुरू होण्याचा हंगाम एकच, त्यामुळे तिचं बोट धरून शाळेत नेहमी आईच गेली होती. ते हसले, कप विसळून ठेवला, झगा बगलेत मारला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहाला हाक मारली तेव्हा बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले होते.

आठवड्याने आईने तोच झगा तिच्या हातात ठेवला. केंद्राची वस्तू आहे, परत करून ये, म्हणाली. रडून डोळे सुजले तरी आईचा व्यवहार चोख.

केंद्रात ती पूर्वी फारशी गेली नव्हती. तिथला नियम मात्र घरात तिन्हीत्रिकाळ ऐकलेला: पिल्लाला माणसाचं तोंड दिसता कामा नये आणि माणसाचा आवाज ऐकू येता कामा नये. नाहीतर ते स्वतःला माणूस समजायला लागतं आणि मोठेपणी आपल्या जातीचा जोडीदार धरत नाही. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत झगा, तोंडावर जाळी, आणि एका हातात करकोच्याच्या डोक्याच्या आकाराचा, चोच असलेला हातमोजा. त्या चोचीने भरवायचं, तोंडाने मूग गिळायचे.

दार ढकलून ती आत शिरली आणि जागीच थांबली. पिल्लाच्या वाड्यापासून लांब, आवाज पोहोचणार नाही अशा लांबलचक पडवीत पांढरे झगे घातलेली तीन माणसं एकामागून एक लंगडत चालली होती. पुढे केंद्राच्या डॉक्टरीणबाई, मध्ये पोट सावरत तिथले साहेब, मागे ड्रायव्हर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचा उजवा पाय तरुणपणी मचाणावरून पडून मोडला होता, तो कायमचा अधू राहिला.

"माणूस जाऊन आठवडा झाला," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याच्या नकला करताय?"

तिघेही चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मग डॉक्टरीणबाईंनी जाळी वर करून सांगितलं. बाबा गेल्यापासून पिल्लू कुणाच्याच मागे चालत नव्हतं. कोपऱ्यात उभं राहायचं, नाहीतर बसायचं. या वयात चाललं नाही, तर लांब पाय वाकडे होतात, आणि वाकड्या पायांचा करकोचा जगत नाही. आम्ही चेहरे झाकले, आवाज झाकले, त्या म्हणाल्या, आणि समजलो की झग्यातली सगळी माणसं पिल्लाला सारखीच. चालीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पिल्लाने आई म्हणून ओळखली होती ती एक लंगडी चाल. आता प्रत्येकाला ती यायला हवी, म्हणजे पुन्हा एका माणसावाचून त्याचं अडायला नको.

"पण जमत नाही, ताई," ड्रायव्हर म्हणाला. तो बाबांना बगळेकाका म्हणायचा, आणि बाबा दरवेळी न चुकता सांगायचे की बगळा वेगळा, करकोचा वेगळा. "आम्ही सगळे लंगडतोय, पण जो तो आपापल्या पायाने."

तिने पर्स बाकावर ठेवली. राग उतरायला थोडा वेळ लागला.

"ते पाय ओढत नव्हते," ती म्हणाली. "उचलून ठेवायचे. डावा जड, उजवा हलका, आणि मग जरा थांबायचे. काहीतरी आठवल्यासारखे."

तिने चालून दाखवलं. साहेबांनी विचारलं, इतकं बारीक कसं लक्षात राहिलं.

"आमचं घर लहान होतं. जिन्यावरची पावलं आत ऐकू यायची."

दुपारपर्यंत पडवीत तिने तिघांना हाकलं, शाळामास्तरणीसारखं. साहेबांचं थांबणं लांबायचं. तुम्ही आठवत नाही आहात, झोपताय, असं ती म्हणाली तेव्हा साहेबांसकट सगळे हसले. पण आधी तुम्हीच आत जा, असं तिघांचंही एकमताने ठरलं. तिने बाबांचा झगा, जाळी आणि चोचीचा हातमोजा चढवला.

वाड्यात गुडघाभर गवत होतं आणि पलीकडे पाणी. पिल्लू कुंपणाला अंग टेकून उभं होतं, तांबूस पिसांचं, तिच्या कमरेलाही न पोहोचणारं. तिने चोच खाली करून दाखवली आणि पाण्याकडे चालायला लागली. डावा, उजवा, थांबायचं. मागे काहीच हललं नाही. वळून बघायचा मोह तिने दाबला, कारण करकोच्याची आई वळून बघत नाही असं बाबा सांगायचे. पुन्हा डावा, उजवा. मग गवत वाजलं. ती थांबली की तेही थांबत होतं. जाळीच्या आत तिचे डोळे भरून आले, पण हुंदका काढायची मुभा नव्हती. तो तिने गिळला.

पाण्याच्या काठी झगा घालून थांबलेला ड्रायव्हर तिच्या शेजारून चालू लागला आणि ती हळूच बाजूला झाली. पिल्लू क्षणभर घुटमळलं, मग त्याच्यामागे निघालं. पुढच्या वळणावर डॉक्टरीणबाई, त्यांच्यापुढे साहेब. साहेबांपाशी ते खाली बसलं. बाईंनी परत येऊन त्याला उठवलं, आणि साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला ते चाललं.

ती कुंपणाबाहेर आली, बोलायची परवानगी होती तिथवर लांब, गाड्या लावायच्या जागेपर्यंत. तिथे कुणी नव्हतं. तिने जाळी काढली.

"मीपण वाट बघायचे, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "जिन्यावर तुमची पावलं ओळखायचे आणि झोपेचं सोंग घ्यायचे. तुम्हाला वाटायचं, पोर झोपली. मी कधीच झोपलेली नसायचे."