पिवळीच राहिले मी

घाबरू नका, मी लघवी तपासायची पट्टी बोलतेय. घाबरू नका म्हणते खरी, पण डबीचं झाकण निघालं तरी दचकते ती मीच.

कारखान्यात आम्हा बहिणींच्या टोकाला पिवळा तुकडा चिकटवला. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की तो हिरवा पडतो. गरोदर बाईसाठी ती धोक्याची खूण. डबीत बसून मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर आले, अंगणवाडीत.

आज सकाळी जिवली आली. नववा लागलेला. पाय सुजलेले, चेहराही. डोकं ठणकतं म्हणाली. सासू शुक्री हसली. पोर अंगी लागलंय म्हणाली, आम्ही काय मशीन लावून पोरं काढली? श्रुतिका सिस्टरचं बीपीचं मशीन नेमकं बिघडलेलं, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर. तिनं जिवलीच्या हातात बाटली दिली. सोबत नणंद पुष्पा गेली. दोघी कुडाआड गेल्या नि लगेच परतल्या.

मला बुडवलं. मी पिवळीच राहिले. सिस्टरच्या कपाळावरची आठी गेली. मला बादलीत टाकत ती जिवलीला म्हणाली, मीठ कमी खा, पुढच्या आठवड्यात डहाणूच्या दवाखान्यात दाखवू. मग ती पोरांच्या लसींना लागली.

दुपारी पुष्पा धापा टाकत आली. भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिता लिहिता जिवलीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग ताठ झालं, झटके यायला लागले. सिस्टर म्हणाली, अगं, पण तिची पट्टी तर चांगली होती.

"बाटली मी भरली होती," पुष्पा म्हणाली. "माझ्या लग्नाचा चौक वहिनीनंच लिहायचा होता. तुम्ही तिला आजच डहाणूला नेलं असतं ना, सिस्टर."

सिस्टर गाडीला फोन लावत पळत सुटली.

जिवलीला घेऊन गाडी गेली, त्याला बराच वेळ झाला. शुक्री पायरीवर बसलीय, येईल-जाईल त्याला विचारतेय, डहाणूहून फोन आला का?

लोक म्हणतात, पट्टी खोटी निघाली. खोटी नव्हते हो मी. पुष्पा ठणठणीत आहे, एवढंच मला कळलं होतं, तेवढंच मी सांगितलं. बायांनो, बाटलीत तुमचंच द्या. चौक काय, दुसरी सवाशीणही पुरा करेल.